काळ्या रंगात सगळं दिसतं

जे विमान कधी झालंच नाही त्याला स्केल कसलं, यावरून आमच्यात पहिलं भांडण झालं.

२०२५ चा फेब्रुवारी संपत आला होता. ठरलं होतं ते एवढंच: प्रत्येकानं एका स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणाऱ्या, विमानाचं छोटं मॉडेल करायचं, रविवारी सकाळी एकत्र बसून करायचं आणि सगळी विमानं १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या मापात, करायची. म्हणजे शेवटी एका टेबलावर मांडली की कोण केवढं ते नजरेनंच कळेल. १/७२ हे माप फूट-इंचांच्या जमान्यातलं. सहा फुटांचा माणूस त्यात बरोबर एक इंचाचा होतो. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये ते रुळलं आणि मेट्रिक आलं तरी हललं नाही. नियम साधा होता. काकांनी माळ्यावरून खोकं काढेपर्यंत.

खोक्यावर लिहिलं होतं 'एफ-१९ स्टेल्थ फायटर'. टेस्टर्स कंपनीचं, १/४८. काकांच्या मेव्हण्यानं १९८७ साली अमेरिकेतून आणून दिलेलं आणि अडतीस वर्षं न उघडलेलं.

"काका, याचं स्केल वेगळं आहे."

"अरे, पण हे विमान जगात नाहीच. मग हा अठ्ठेचाळिसावा भाग कशाचा? शून्याचा अठ्ठेचाळिसावा भाग काढ आणि बहात्तरावा काढ. फरक सांग."

काका शाळेत गणित शिकवायचे. आम्ही हरलो.

एफ-१९ ची गोष्ट मला त्या दिवसापर्यंत अर्धवटच माहीत होती. अमेरिकेच्या लढाऊ विमानांच्या क्रमांकांत एफ/ए-१८ नंतर एकदम एफ-२० आलं. मधला १९ कुठे गेला? नेवाडाच्या वाळवंटात काहीतरी गुप्त उडतंय अशी कुजबुज होतीच. लोकांनी दोन आणि दोन पाच केले आणि ते गुप्त विमान म्हणजेच एफ-१९ असं ठरवून टाकलं. १९८६ मध्ये टेस्टर्सनं तर त्याचं मॉडेलच बाजारात आणलं. जॉन अँड्र्यूज नावाच्या त्यांच्या डिझायनरनं वर्तमानपत्रं, तांत्रिक मासिकं आणि स्वतःची अक्कल यांच्या बळावर ते रचलं होतं: गुळगुळीत, गोलसर, आतल्या बाजूला कललेल्या दोन शेपट्या. ते धडाक्यानं खपलं. अमेरिकी संसदेत प्रश्न आला की जे आम्हा लोकप्रतिनिधींना बघू देत नाहीत ते खेळण्यांच्या दुकानात कसं मिळतं? मग १० नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकी हवाई दलानं एक धूसर छायाचित्र जाहीर केलं. खरं विमान निघालं एफ-११७, आणि त्यात गोल असं काहीच नव्हतं. सगळे सपाट तुकडे. पतंगाचा कागद चुरगळून पुन्हा अर्धामुर्धा उलगडावा तसं.

थोडक्यात, काकांच्या हातातलं खोकं म्हणजे एका चुकलेल्या अंदाजाचं मॉडेल होतं. आणि ते त्यांना इतकं आवडत होतं की त्याबद्दल वाईट बोलायची सोय नव्हती.

आता मंडळींबद्दल. नावं देत नाही, आमच्यात ती तशीही फारशी वापरली जात नाहीत. बैठक डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणजे दाताचे डॉक्टर, कर्वेनगरात दवाखाना, रविवारी बंद. मॉडेल करणाऱ्याला स्वर्ग वाटावा अशी ती जागा आहे. रंग फवारायच्या एअरब्रशला लागतो तसा तेलविरहित, फारसा आवाज न करणारा कॉम्प्रेसर आयता. कपाळाला लावायचं भिंग आयतं. खरवडायला बारीक हत्यारांचे ट्रे. आणि मुख्य म्हणजे तो दिवा, रुग्णाच्या तोंडात मारतात तो. त्या उजेडात काहीही लपत नाही. काकांनी पहिल्याच दिवशी रुग्णाच्या खुर्चीवर हक्क सांगितला. पाठ दुखते म्हणून.

उस्ताद भवानी पेठेत गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. त्यांनी घेतलं एफ-२२. त्यांची लेक इंजिनियरिंगच्या डिप्लोमाला आहे. तिनं घेतलं आम्का, भारताचं होऊ घातलेलं स्टेल्थ लढाऊ विमान, म्हणजे अजून न उडालेलं. चेट्टन मूळचा तिरुवनंतपुरमचा, पुण्यात वीस वर्षं काढून त्याचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध झालंय. त्यानं एफ-३५ चं बी हे मॉडेल घेतलं, सरळ खाली उतरणारं. या सगळ्या उद्योगाचं मूळही तोच. येलहंकाचा एअरो इंडिया बघून आला होता. तिथे त्या वर्षी अमेरिकेचं एफ-३५ आणि रशियाचं एसयू-५७ एकाच प्रदर्शनात आले होते, शिवाय आम्काची पूर्ण आकाराची प्रतिकृती. तिच्याभोवती प्रदक्षिणा घालून त्यानं इतके फोटो काढले की लेकीनं त्यावरूनच संगणकावर आकार उभा केला आणि कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर छापला. डॉक्टरांनी बी-२ घेतलं. मी एफ-११७.

एकूण हिशेब असा: काका कधीच नसलेलं विमान करत होते, लेक अजून नसलेलं, आणि मी निवृत्त झालेलं.

मी हे विमान का घेतलं? सोपं वाटलं म्हणून, खरं सांगतो. सपाट तर आहे. रंग तर एकच, काळा. चिकटवा, रंगवा, मोकळे व्हा.

आता थोडं या सपाटपणाबद्दल, कारण माझे पुढचे चार महिने त्यानंच खाल्ले. प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञानं १९६२ मध्ये एक प्रबंध छापला: विद्युतचुंबकीय लहरी एखाद्या वस्तूच्या कडांवर आदळून कशा विखुरतात याचं गणित. मॉस्कोत कुणाला त्याचं फारसं महत्त्व वाटलं नाही, म्हणूनच तर छापू दिला. अमेरिकी हवाई दलानं त्याचा अनुवाद करून घेतला. तो लॉकहीडच्या स्कंक वर्क्स या गुप्त विभागातल्या डेनिस ओव्हरहोल्झर यांच्या हाती पडला, आणि त्यांच्या लक्षात आलं की या गणितानं विमान रडारवर किती दिसेल ते आधीच काढता येईल. अडचण एवढीच होती की १९७० च्या दशकातल्या संगणकांना गोल पृष्ठभागांचा हिशेब झेपेना. म्हणून विमानाचे त्रिकोण-चौकोन पाडले. प्रत्येक तुकडा असा कलता ठेवला की आलेली लहर परत रडारकडे न जाता भलतीकडेच जावी. म्हणजे एफ-११७ चा तो उग्र चेहरा हा संगणकाच्या दुबळेपणाचा छाप आहे. पुढे संगणक सुधारले आणि बी-२ ला वळणं परवडली.

आम्हा मॉडेलवाल्यांना यात एक गोष्ट फार सुखावणारी आहे. स्टेल्थचा जन्मच मॉडेलमधून झाला. १९७५ मध्ये दहा फुटी लाकडी मॉडेल मोहावी वाळवंटात खांबावर चढवून त्यावर रडार मारून बघितलं. स्कंक वर्क्सचे प्रमुख बेन रिच किस्सा सांगत: रडारवाला म्हणाला, खांबावर काहीच दिसत नाही, मॉडेल पडलं की काय ते बघा. मॉडेल जागच्या जागी होतं. तेवढ्यात एक कावळा येऊन त्यावर बसला आणि रडारवाला म्हणाला, हां, आता दिसलं! पुढे खांबाचीच अडचण झाली. मॉडेलपेक्षा खांब जास्त दिसू लागला, म्हणून खांबही नव्यानं करावे लागले. रिच जनरलांच्या भेटीला जाताना खिशात बॉलबेअरिंगचे छर्रे ठेवत, टेबलावरून घरंगळत सोडत आणि म्हणत, हे घ्या तुमचं विमान. रडारला एवढंच दिसणार.

मी सुरुवातीला काय केलं? मन लावून घासलं. दोन भागांचा सांधा दिसू नये म्हणून पुट्टी भरली आणि पॉलिश पेपरनं घासत बसलो. आधी ४००, मग ८००, मग १२००, पाणी लावून. बोट फिरवलं की रेशमासारखं लागायचं. खूश होऊन मॉडेल डॉक्टरांच्या हाती दिलं. त्यांनी दिवा ओढला, तिरपा केला आणि म्हणाले, "साबणाची वडी केलीत."

खरंच. पेपर बोटानं धरून घासला की बोटाच्या मऊपणानं कडा झिजतात. एरवीच्या विमानात ते खपून जातं. एफ-११७ मध्ये कड हेच सगळं आहे. दोन सपाट तुकडे भेटतात ती रेघ सुरीसारखी हवी. माझ्या विमानाची पाठ आठ दिवस वापरलेल्या वडीसारखी मवाळ झाली होती आणि ती एकट्या मला दिसत नव्हती.

"दिसली कशी नाही मला?"

"स्वतःची अक्कलदाढ कुणाला दिसते का?" डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी दाखवलं. आइस्क्रीमच्या काडीला पेपर चिकटवायचा, काडी सपाट धरायची, एका वेळी एकच तुकडा घासायचा, आणि शेजारच्या तुकड्याला मास्किंग टेप लावून ठेवायची म्हणजे धक्का लागत नाही. गेलेल्या कडा पुट्टीनं पुन्हा उभ्या केल्या. एका पाठीला तीन रविवार गेले.

डॉक्टरांचा स्वतःचा व्याप वेगळाच होता. बी-२ चा पंखविस्तार ५२.४ मीटर. बहात्तरनं भागलं तरी जवळपास ७३ सेंटिमीटर. अखंड पंख, शेपूट नाहीच. आमच्यात कुणाच्याही शोकेसमध्ये मावणार नाही, आणि दवाखान्यात फिशटँकवर ठेवायला त्यांच्या सौभाग्यवतींनी परवानगी नाकारली. २२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॅलिफोर्नियात पामडेलला हे विमान पहिल्यांदा जगाला दाखवलं तेव्हा पाहुण्यांना फक्त पुढून बघू दिलं होतं. मागची बाजू, जिथून इंजिनांची गरम हवा बाहेर पडते, ती गुप्त. पण वरच्या आकाशात कुणी बंदी घातली नव्हती. एका विमानविषयक साप्ताहिकाचे लोक छोटंसं सेसना घेऊन वरून गेले आणि निवांत फोटो काढून आले. हा किस्सा डॉक्टर प्रत्येकाला सांगतात. त्या मागच्या भागाशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे, ती ते खालच्या आवाजात सांगतात: त्या झोताच्या मार्गावर काम केलेले इंजिनियर नोशिर गोवाडिया जन्मानं मुंबईचे. पुढे चीनला माहिती विकल्याबद्दल २०११ मध्ये त्यांना अमेरिकेत ३२ वर्षांची शिक्षा झाली. डॉक्टर हे सांगताना नेमका तोच भाग घासत असतात.

मार्चअखेर माझ्या विमानाचे दोन्ही अर्धे जुळले, चाकं बसली. टेबलावर ठेवलं. नाक हळूच वर उठलं आणि विमान बूड टेकून बसलं.

नाकात वजन भरायचं राहिलं होतं. तीन चाकांच्या बहुतेक मॉडेलांत ते भरावं लागतं. सूचनापत्रात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, पण सूचनापत्र वाचायची आपल्याकडे पद्धत नाही. सगळे हसले. उस्ताद हसले नाहीत. गाडीला लागलेलं पोचं बघावं तसं त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, पुढच्या चाकाच्या खड्ड्यातून भोक पाडू." पुढच्या रविवारी ते नाना पेठेतून छर्रे घेऊन आले, बारीक, चकचकीत. भोकातून एकेक आत सोडायचा, गोंदाचा थेंब टाकायचा, टेबलावर ठेवून बघायचं. सातव्या छर्‍याला नाक खाली आलं आणि खालीच राहिलं.

बेन रिच यांचे छर्रे मला तेव्हा आठवले नाहीत. घरी जाताना नळस्टॉपच्या सिग्नलला आठवले, आणि मागच्यानं हॉर्न मारेपर्यंत मी तिथेच होतो.

आणखी एक जिव्हाळ्याची गोष्ट. आमच्या छंदात एका किटचे भाग दुसऱ्याला लावून काम भागवायची पद्धत आहे. खरं एफ-११७ सुद्धा बऱ्याच अंशी तसंच झालंय. इंजिन एफ/ए-१८ च्या घराण्यातलं, संगणकावरची उड्डाण-नियंत्रण यंत्रणा एफ-१६ ची. नवं काही मागवलं तर बभ्रा होईल, म्हणून असलेल्यातलंच उचललं; वेळ आणि पैसाही वाचला. हे उस्तादांना सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटलं नाही. ते रोज हेच करतात.

एप्रिलमध्ये लेकीनं तो प्रश्न विचारला. माझ्या मनात आखाती युद्धातलं विमान करायचं होतं: पोटाचे दरवाजे उघडे, आत दोन बॉम्ब लटकताना दिसतायत. त्यासाठी मी बॉम्बचे भाग रंगवूनही ठेवले होते. ती काही शोधत होती इंटरनेटवर, आणि मान वर न करता मला म्हणाली, "काका, बगदादमध्ये आश्रयस्थानावर बॉम्ब टाकले ते याच विमानानं ना?"

याच विमानानं. १३ फेब्रुवारी १९९१ ची पहाट, अमिरिया. लष्करी ठिकाण समजून टाकलेल्या दोन बॉम्बांनी चारशेहून अधिक सामान्य माणसं मेली. त्यांत बायका-मुलं फार होती. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून मी ते बाजूला ठेवलं होतं, जसं आम्ही सगळेच ठेवतो. एरोडायनॅमिक्स, कडा, रंगाचे क्रमांक यांच्यामागे बाकी सगळं छान झाकलं जातं. तिच्या प्रश्नात आरोपही नव्हता, फक्त माहिती पडताळून बघत होती. मी 'हो' म्हणालो. कॉम्प्रेसर मध्येच सुरू झाला आणि थांबला. काका खुर्चीतून म्हणाले, "माझं बरं आहे, माझ्या विमानानं कुणाला मारलेलं नाही." यावर कुणाला हसावं की नाही ते कळलं नाही.

मी दरवाजे बंद केले. त्यामागे काही तात्त्विक भूमिका होती असा आव आणत नाही. ते उघडे ठेवून त्याच्याकडे रोज बघवलं नसतं इतकंच. बॉम्ब अजून टिक्कीच्या डबीत पडून आहेत.

आणि विमानही बदललं. ८०६ क्रमांकाचं एफ-११७ करायचं ठरवलं, २७ मार्च १९९९ च्या रात्री सर्बियात पाडलं गेलेलं. पाडणाऱ्या तुकडीचे प्रमुख झोल्तान दानी. त्यांच्याकडे होती जुनी सोव्हिएत एस-१२५ क्षेपणास्त्रं, जी आपल्या हवाई दलात पेचोरा म्हणून ओळखली जातात. मूळची १९६० च्या दशकातली. बुज्यानोव्त्सी गावाजवळच्या शेतात विमान कोसळलं; वैमानिक डेल झेल्को पॅराशूटनं उतरले आणि काही तासांनी त्यांची सुटका झाली. युद्धानंतर दानी यांनी बेकरी सुरू केली. बारा वर्षांनी झेल्को त्यांना भेटायला सर्बियात गेले आणि दोघांची दोस्ती झाली. विमानाचे अवशेष बेलग्रेडच्या संग्रहालयात आहेत. त्यातल्या काचेच्या चौकटीवर वैमानिकाचं नाव रंगवलेलं आहे, आणि ते झेल्को यांचं नाही. हवाई दलात चौकटीवर एकाचं नाव असतं आणि त्या रात्री विमान दुसराच कुणी नेतो. डिकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील अक्षरं, लावताना हे माहीत नसतं तर मी अगदी अभिमानानं चुकीचं नाव लावलं असतं. चेट्टननं वेळेत सांगितलं.

मग पावसाळा आला आणि आमचं गाडं रुतलं.

लॅकर रंगाला दमट हवा सोसत नाही. थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग वाळतो तो पांढरट झाक घेऊन. काळ्या रंगावर ती भाकरीवरच्या पिठासारखी उठून दिसते. शिवाय काळा रंग मुळात चहाडखोर. मी समजत होतो की काळ्यात सगळं लपेल. उलट आहे. राखाडीत जो ओरखडा आपण स्वतःलाही कबूल करत नाही तो काळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. धुळीचा कण, केस, विसरलेला सांधा, सगळं. आणि शुद्ध काळा मारून चालतही नाही. एवढ्याशा विमानावर तो शाईत बुडवल्यासारखा दिसतो, एकही कड उमटत नाही. म्हणून काळ्यात राखाडी घालायची, एकेका तुकड्याला किंचित वेगळी छटा द्यायची.

उस्तादांनी सूत्रं हातात घेतली. रिटार्डर घातलेला सावकाश उडणारा थिनर, पातळ हात, दोन हातांमध्ये अर्धा तास, आणि वाळवायला पत्र्याच्या कपाटात साठ वॅटचा पिवळा बल्ब. त्यांचं स्वतःचं एफ-२२ बघण्यासारखं झालं. त्या विमानाच्या रंगात धातूची झाक आहे. एका कोनातून निळसर, दुसऱ्यातून तपकिरी, ढग आला की वेगळाच. फोटो बघून जगभरचे लोक क्रमांकांवर वाद घालतात. उस्तादांनी फोटो एकदाच पाहिला. "सिल्व्हरचा दाणा बारीक घ्यायचा," म्हणाले, "आणि हात हलका." एका दारावरचा रंग दुसऱ्या दाराशी तीस वर्षं जुळवत आलेल्या माणसाला क्रमांक कशाला लागतो?

नेमक्या त्याच दिवसांत, १४ जूनला, ब्रिटिश नौदलाचं एक एफ-३५ बी तिरुवनंतपुरम विमानतळावर उतरलं आणि तिथेच बिघडलं. पाच आठवड्यांहून अधिक काळ अडकून पडलं. जगातल्या महागड्या विमानांपैकी एक, केरळच्या पावसात उघड्यावर उभं, शेजारी आपले सीआयएसएफचे जवान पहाऱ्याला. चेट्टनची आई विमानतळापासून जवळच राहते. ती रोज फोनवर विचारायची की तुझं विमान झालं का, इथलं अजून तसंच आहे. केरळच्या पर्यटन खात्यानं विमानाच्या नावानं झकास जाहिरात केली: इतकं सुंदर ठिकाण की निघावंसं वाटत नाही. चेट्टनच्या मॉडेलवर त्याच आठवड्यात पांढरी झाक आली होती. त्यानं पुसायचं नाकारलं. म्हणाला, "हे तिरुवनंतपुरमचं आहे. ओलं आहे." २२ जुलैला खरं विमान उडून गेलं, तेव्हा कुठे त्यानं कपाटातला बल्ब लावला.

माझा रिफ्लेक्टर हरवला तो याच धामधुमीत. शांततेच्या काळात उडताना स्टेल्थ विमान नागरी रडारला दिसावं म्हणून त्याला मुद्दाम रडार-परावर्तक लावतात. एफ-११७ च्या अंगावर ती लहानशी टेंगळं असतात. एवढं गणित करून अदृश्य झालेल्या विमानाला दिसण्यासाठी वरून टेंगूळ लावावं लागतं, हे मला फार आवडलं होतं. माझ्या किटमधला तो भाग दीड-दोन मिलिमीटरचा. चिमट्यात धरला, चिमटा किंचित जास्त दाबला, 'टिक्' आवाज आला आणि तो गेला. सहा जण गुडघ्यांवर आले. फरशीवर टॉर्च आडवा धरून शोधलं, झाडू फिरवला, कचरा चाळला, सक्शनच्या नळीची जाळी काढून बघितली. डॉक्टरांना एका रुग्णाची जानेवारीत हरवलेली कॅप सापडली. रिफ्लेक्टर नाही.

"युद्धात काढून ठेवतात," लेक म्हणाली. "तुमचं तर युद्धातलंच आहे."

तेही खरं. त्या रात्री ८०६ ला रिफ्लेक्टर नसणारच. म्हणजे मी आधीच चुकत होतो आणि हरवल्यामुळे बरोबर आलो. जिथे तो बसायचा ती खूण बुजवली आणि वर काळा मारला.

सोसायटीच्या गणपतीत हॉलमध्ये टेबल मांडलं. बी-२ डॉक्टरांनी मांडीवर धरून रिक्षातून आणलं, दोन्ही पंख बाहेर. पोरांनी गर्दी केली, एकानं माझ्या विमानाच्या नाकावरच्या चार टोकदार नळ्यांपैकी दोन मोडल्या; डॉक्टरांनी तिथे भूल द्यायची सुई कापून बसवली, जी मूळ भागापेक्षा सरस दिसते. एक आजोबा टेबलासमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "छान आहे. रंग फक्त काळाच मिळाला का?"

त्या दहा दिवसांत काकांच्या एफ-१९ चं सर्वांत कौतुक झालं. गुळगुळीत, सिनेमातल्यासारखं. आम्ही मनातल्या मनात गप्प होतो. कारण काकांचं काम आम्ही महिनोन् महिने बघत होतो: सांधा उघडा, रंगाचे ओघळ, डिकलखाली हवा राहून चंदेरी डाग. त्यांना यातलं काही दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचा विषय काढला की ते रशियन राज्यक्रांतीवर बोलायला लागायचे. एकमेकांच्या कामातला केस शोधणाऱ्या आम्हा पाच जणांनी काकांच्या बाबतीत डोळे मिटून घ्यायचं न बोलता ठरवून टाकलं होतं. डॉक्टर तर त्यांच्या खुर्चीवरचा दिवासुद्धा थोडा वळवून ठेवायचे.

गणपतीनंतर त्यांच्या मुलानं बोलणं कानामागे टाकून त्यांना नेलंच. आधी एक डोळा, पंधरा दिवसांनी दुसरा. दिवाळीच्या आदल्या रविवारी काका पुन्हा आले, काळा चष्मा लावून. खुर्चीत बसले. चष्मा काढला. इकडेतिकडे बघितलं, छताकडे, आमच्या तोंडांकडे. मला म्हणाले, "तू बराच पांढरा झालायस रे."

मग त्यांनी दिवा स्वतः ओढून घेतला आणि एफ-१९ हातात घेतलं. आम्ही सगळे अचानक फार कामात होतो. उस्ताद आधीच स्वच्छ असलेला एअरब्रश साफ करायला लागले. काका पाच मिनिटं काही बोलले नाहीत. नख फिरवून सांधा पाहिला, पोटाखाली पाहिलं, शेपटीशी पाहिलं.

"हे असं कधीपासून आहे?"

कुणी उत्तर दिलं नाही.

"टेप द्या," काका म्हणाले. मी मास्किंग टेपचं रिळ पुढे केलं, फेब्रुवारीपासून दर रविवारी टेबलावर हातोहात फिरणारं तेच रिळ. त्यांनी ते घेतलं, टोक शोधण्यासाठी डोळ्यांजवळ नेलं आणि थांबले. रिळाच्या कडेला, चिकट धुळीत, काहीतरी होतं. नखानं उचलून त्यांनी तळहातावर घेतलं.

"हे कुणाचं?"

माझा रिफ्लेक्टर. जूनपासून. कपाळाला भिंगं लावलेल्या पाच माणसांच्या हातांतून तो चार महिने फिरत होता.

चिकटवायचा की नाही यावर त्या दिवशी जे मतदान झालं ते तीन-तीन असं सुटलं. तो सध्या बॉम्बांबरोबर टिक्कीच्या डबीत आहे. काकांनी मतदान झाल्याझाल्या डॉक्टरांकडे एक पसरट टब मागितला आणि उस्तादांना कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पिटाळलं. डेटॉलच्या दोन मोठ्या बाटल्या. त्यात बुडवून ठेवलं की जुना रंग सुटतो, प्लॅस्टिकला धक्का लागत नाही. टबात एफ-१९ पालथं पडलं होतं आणि तासाभरात रंग सुरकुतायला लागला. दवाखान्यात एरवी लवंगेच्या तेलाचा वास असतो. त्या दिवशी सगळीकडे डेटॉल होतं. काका बाह्या सरसावून, दात घासायचा जुना ब्रश हातात धरून उभे.

"पुट्टी कुठली वापरता रे तुम्ही?" त्यांनी विचारलं.